धुक्याचा ताळेबंद

माझं सरळ म्हणणं असं आहे, की सायलेंट हिल या गावाला आता काही वर्षं एकटं सोडावं. त्या गावाच्या नशिबी आधीच काय कमी आहे? बारा महिने तेरा काळ धुकं. रस्ते मधेच तुटलेले. शाळेत भुतं, इस्पितळात डॉक्टरांपेक्षा राक्षसांची हजेरी जास्त. त्यातच मधूनच भोंगा वाजतो आणि भिंतींचा रंग गळून खालून गंजकं लोखंड आणि रक्त दिसू लागतं. एवढं सोसणाऱ्या गावामागे गेली वीस-पंचवीस वर्षं आणखी एक पीडा लागली आहे आणि ती भुतांपेक्षा चिवट आहे. ती म्हणजे जोडणाऱ्यांची जमात.

हे गाव रेल्वेच्या टाइमटेबलात शोधू नका. ते आहे अमेरिकेत, पण बांधलं जपान्यांनी. कोनामी नावाच्या जपानी कंपनीने 1999 साली प्लेस्टेशनवर खेळायचा एक व्हिडिओ गेम काढला, त्याचं हे नाव. व्हिडिओ गेम म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला मिशीवाला मारिओ आणि त्याच्या उड्या आठवतात. इथे उड्या नाहीत. इथे हॅरी मेसन नावाचा एक लेखक आहे. मोटारीच्या अपघातानंतर हरवलेली आपली सात वर्षांची पोर तो धुक्यात शोधत फिरतो. त्याला नेम धरता येत नाही, आणि थोडा पळाला की तो थांबून धापा टाकतो. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत राहणाऱ्या कुणालाही आपला वाटावा असा मी पाहिलेला हा एकमेव नायक.

पुढे 2001, 2003 आणि 2004 साली दुसरा, तिसरा आणि चौथा भाग आला. त्यानंतर इतर कंपन्यांनी इतर भाग केले. प्रत्येक भागाचा नायक वेगळा, दुःख वेगळं. आता कुणाही सुज्ञ माणसाला वाटेल, की पाच-सहा दुःखी माणसं एका गावात आली, बस. पण जोडणाऱ्याला हे पटत नाही. तो म्हणतो, सगळी एकच गोष्ट आहे. पहिल्या भागातल्या नर्सचा तिसऱ्या भागातल्या पुजारणीशी, तिचा चौथ्या भागातल्या खुन्याशी आणि खुन्याचा दुसऱ्या भागातल्या भिंतीवरच्या चित्राशी संबंध आहे, फक्त कंपनीने तो लपवून ठेवलाय.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत असा एक गृहस्थ हमखास शेजारी बसतो. "आपण मूळचे कुठले?" इथपासून तो सुरू करतो आणि मठ्ठा वाढून होईपर्यंत तुम्ही त्याच्या आत्येसासूच्या जावेचे पुतणे निघता. तुम्ही नाही म्हणून चालत नाही. "तुम्हाला माहीत नसेल," असं म्हणून तो जिलेबी घेतो. जोडणारे म्हणजे याच गृहस्थाची नवी आवृत्ती. फरक एवढाच, की हा जिलेबी तरी खातो.

आता न्यायाला धरून बोलायचं तर काही धागे खरेच आहेत, आणि ते बनवणाऱ्यांनीच विणलेले आहेत. तिसरा भाग हा पहिल्याचा चोख 'मागील पानावरून पुढे' आहे. हॅरीने वाढवलेली पोर त्यात सतरा वर्षांची झालेली असते आणि हॅरी बिचारा खुर्चीत बसल्या जागी मारला जातो. दुसऱ्या भागात वॉल्टर सलिव्हन नावाच्या खुन्याची बातमी वाचायला मिळते. तोच इसम चौथ्या भागात सगळा उच्छाद मांडतो. चौथ्या भागातल्या इमारतीचा म्हातारा व्यवस्थापक फ्रँक सँडरलँड हा दुसऱ्या भागातल्या नायकाचा बाप. त्याचा मुलगा आणि सून त्या गावात गेले ते परत आले नाहीत, एवढंच कळतं. एक म्हातारा, दारं, किल्ल्या आणि न परतलेला मुलगा. यापुढे एक शब्दही न बोलण्यात जी अक्कल आहे तिचं मला कौतुक वाटतं. जोडणाऱ्याला वाटत नाही. तो लगेच वही घेऊन म्हाताऱ्याचं वय काढायला बसतो.

आणि मग जोडायला काहीही पुरतं. पहिल्या भागातल्या गावातल्या रस्त्यांची नावं बघा: ब्रॅडबरी, मॅथेसन, ब्लॉक, लेव्हिन. ही भयकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकांची आडनावं. शाळेतल्या मास्तरांच्या यादीत गॉर्डन, मूर आणि रॅनाल्डो आहेत; हे 'सॉनिक यूथ' नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाचे तीन सभासद. शाळेची इमारत तर 1990 च्या 'किंडरगार्टन कॉप' या विनोदी सिनेमातल्या शाळेवरून उचललेली, ज्यात अर्नोल्ड श्वार्झनेगर बालवाडीत शिकवतो. म्हणजे काय, तर काही जपानी तरुण मंडळी एका टेबलाभोवती बसली होती. अमेरिका त्यांनी बरीचशी पुस्तकांत, सिनेमात आणि कॅसेटींत पाहिली होती, आणि जे जे आवडलं होतं ते ते त्यांनी गावात नेऊन ठेवलं. मला हे वाचून त्या मंडळींबद्दल जिव्हाळा वाटला. आपणही गणपतीच्या आरासेत हेच करतो. हिमालयाशेजारी आगगाडी ठेवतो. पण गणपतीच्या आरासेतली आगगाडी हिमालयात कशी पोचली यावर कुणी प्रबंध लिहीत नाही.

धुक्याचंही तसंच. या खेळाचं सगळं नाव त्या धुक्यावर आहे. धुकं म्हणजे नायकाच्या मनावरचं पटल, धुकं म्हणजे अपराधाची शाल, वगैरे मी पुष्कळ ऐकलं आहे. मूळ कारण असं, की त्या वेळच्या प्लेस्टेशनमध्ये लांबवरचे रस्ते आणि इमारती एका वेळी दाखवायची ताकद नव्हती. मग दहा पावलांपुढचं धुक्यात आणि रात्री अंधारात लपवलं. गरिबीतून रीत पडली आणि रीत शोभून दिसली. 2012 मध्ये दुसरा आणि तिसरा भाग नव्या यंत्रांसाठी घासूनपुसून विकायला काढला तेव्हा तर कमालच झाली. कंपनीकडे स्वतःच्या खेळाची अंतिम प्रत जपलेलीच नव्हती! अपुऱ्या प्रतीवर काम उरकावं लागलं. धुकं विरळ झालं आणि त्याच्याआड जे अर्धवट बांधकाम झाकलेलं होतं ते चारचौघांत उघडं पडलं.

मी बँकेत कारकुनी करतो. ज्या संस्थेला आपली मूळ कागदपत्रं सापडत नाहीत, तिच्या हातून पंचवीस वर्षांचा गुप्त आराखडा बिनचूक राबवला जातोय, यावर माझा विश्वास बसणं शक्य नाही.

बँकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडे एक उचंत खातं असतं. इंग्रजीत त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात, आणि कॉमर्स कॉलेजात हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अख्खा वर्ग खूष झाला होता. कुठून आली, कुणाची, कशासाठी, हे कळत नाही ती रक्कम त्यात टाकायची. मार्च जवळ आला की वरिष्ठांचा लकडा सुरू होतो, उचंत निकालात काढा. बँकेपुरतं ते बरोबर आहे, पैसा दुसऱ्याचा असतो. पण भीती ही दुसऱ्याची नसते. चांगली भयकथा म्हणजे मार्च नसलेलं उचंत खातं. त्यात काही नोंदी कायमच्या लोंबकळत राहायला हव्यात. आणि आमच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट जोडणाऱ्यांना सांगायला हवी. ज्या वहीत खाडाखोड नाही, एका पैचा फरक नाही, अशी वही बघून ऑडिटर खूष होत नाही. तो चष्मा पुसतो आणि खुर्ची पुढे ओढतो.

यावर माझा भाचा म्हणतो, "मामा, तू उगाच तापतोस. थिअरी म्हणजे गंमत असते रे. कुणाचं काय जातं?"

कुणाचं काय जातं हेच सांगायचं आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या भागाची गोष्ट फोडावी लागेल. ती 2001 सालची आहे, तेव्हा रहस्यभेदाचा दावा मुदतीबाहेर गेलेला आहे असं समजावं.

जेम्स सँडरलँड नावाच्या माणसाला बायकोचं पत्र येतं, की मी सायलेंट हिलमध्ये आपल्या त्या खास जागी तुझी वाट बघतेय. बायको, मेरी, तीन वर्षांपूर्वी आजाराने गेली असं तो सांगतो. तो गावात येतो. तिथे त्याला आणखी माणसं भेटतात. अँजेला नावाची एक मुलगी, जिच्यावर तिच्या बापानेच अत्याचार केलेले. ती जिथे उभी असते तिथला जिना जळत असतो आणि आपल्याला तर हे नेहमीच असं दिसतं असं ती सांगते. एडी नावाचा एक जाडा मुलगा, सगळे आपल्याला हसतात या एकाच दुखण्याने पिसाळलेला. आणि लॉरा, आठ वर्षांची पोर. ती या राक्षसांच्या गावात एकटी हिंडते आणि तिला राक्षस दिसतच नाहीत. तिच्या लेखी ते एक ओसाड गाव, बास.

शेवटी जेम्स त्या हॉटेलच्या 312 नंबरच्या खोलीत पोचतो, टीव्हीवर एक व्हिडिओ टेप लावतो आणि आपल्याला कळतं, की मेरी आजाराने गेली नाही. याने तिच्या तोंडावर उशी दाबली. का? तिचे हाल बघवेनात म्हणून, की तिच्या आजारपणाचा आणि चिडचिडीचा कंटाळा येऊन आपलं आयुष्य परत हवं होतं म्हणून? खेळ उत्तर देतो: दोन्ही. या 'दोन्ही'पाशी मी बराच वेळ हातातला कंट्रोलर खाली ठेवून बसलो होतो. ज्या घरात वर्षानुवर्षं कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं त्या घरातल्या माणसांना हे 'दोन्ही' ठाऊक असतं. मध्यरात्री औषध देऊन पुन्हा आडवं होताना मनात काय येऊन जातं ते कुणी कुणाला सांगत नाही. समाचाराला आलेल्यांना चहा देतात आणि "आता जरा बरं आहे" म्हणतात. अशी गोष्ट सांगायला जपानी व्हिडिओ गेम धजावला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आणि जोडणाऱ्यांनी या गोष्टीचं काय केलं? त्यांनी 'लूप थिअरी' काढली. म्हणजे चक्र. गावात जी प्रेतं पडलेली दिसतात त्यातली काही, विशेषतः टीव्हीसमोर खुर्चीत बसलेलं एक, जेम्ससारखी दिसतात. खेळाला शेवट अनेक आहेत. म्हणून म्हणे जेम्स पुन्हा पुन्हा येतो, पुन्हा पुन्हा मरतो, आणि आपण बघतो ती त्याची कितवी तरी फेरी.

हुशारी मान्य. पण या हुशारीने झालं काय बघा. या माणसाने काय केलं, हा प्रश्न होता. त्याच्या जागी आला, ही कितवी फेरी? उशी एकदाच दाबली गेली होती. ती एकदाच दाबली गेली, परत घेता येत नाही, हीच तर सगळी भीती. चक्रात घातलं की अपराध्याचा प्रवासी होतो, आणि आपण त्याच्याकडे बघायचं सोडून फेऱ्या मोजायला लागतो. अँजेलाच्या जळत्या जिन्यावर उभं राहून पायऱ्यांचा हिशेब करण्यातला हा प्रकार आहे. शिवाय खेळ तर ओरडून सांगतोय, की या गावाचा एकच जोड-नकाशा नाही. अँजेलाला आग दिसते, लॉराला काहीच दिसत नाही. ज्या गावात शेजारी उभ्या असलेल्या दोघांना एकच रस्ता सारखा दिसत नाही, तिथे हे पाच भागांचे मिळून भूमापन करायला निघाले!

"पण आता तर कंपनीनेच मान्य केलंय," भाचा म्हणतो. त्याचा रोख 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या आवृत्तीकडे असतो. ब्लूबर टीम या पोलंडच्या कंपनीने दुसरा भाग नव्याने बांधला आणि त्यात ठिकठिकाणी चमत्कारिक फोटो पेरले. एकूण सव्वीस. प्रत्येक फोटोवर एक वाक्य. फोटोतल्या वस्तू मोजायच्या, तेवढ्या नंबरचं अक्षर वाक्यातून उचलायचं, आणि सव्वीस अक्षरं नीट लावायची. एका चिकाटीच्या खेळाडूने काही आठवड्यांत ते सोडवलं. अर्थ असा निघाला, की दोन दशकं झाली, तू इथेच आहेस. झालं! फटाके वाजायचेच बाकी राहिले.

आता पहिली गोष्ट अशी, की गिऱ्हाईक वीस वर्षं रोज येऊन एकाच पदार्थाचं नाव घेत राहिलं, तर हॉटेलवाला एक दिवस तो पाटीवर लिहितोच. त्यावरून तो पदार्थ मूळ आचाऱ्याने शिजवला होता असं सिद्ध होत नाही. आणि दुसरी गोष्ट, तो निरोप जेम्सला आहे असं कशावरून? 2001 ते 2024 या काळात त्या गावातून जो एक दिवसही बाहेर पडला नाही, ज्याने वस्तू मोजल्या, अक्षरं लावली, पहाटे चार वाजता वही मिटली, तो कोण? जेम्स नव्हे. माझ्या मते ते पत्र योग्य पत्त्यावर पोचलेलं आहे. घेणाऱ्याने फक्त सही दुसऱ्याच्या नावाची केली.

बरं, मोजायचंच आहे तर खेळात मोजण्यासारखी एक गोष्ट खरोखर आहे, आणि ती खेळच मोजत असतो. शेवट कुठला मिळणार हे मोठ्या निर्णयावर ठरत नाही. तुम्ही जखमी असताना औषध न घेता किती हिंडता, मेरीचा फोटो आणि पत्र काढून किती वेळा बघता, अँजेलाकडून आलेला सुरा किती वेळा न्याहाळता, मेरीसारखीच दिसणारी ती मारिया, तिच्या किती जवळ राहता, हे सगळं तुम्हाला न सांगता टिपून ठेवलं जातं. सुरा फार वेळा न्याहाळलात आणि जखमा तशाच वागवल्यात, तर जेम्स शेवटी तळ्यात जीव देण्याची शक्यता वाढते. पत्र बघत राहिलात, तब्येत सांभाळलीत, तर तो लॉराला घेऊन गावाबाहेर पडू शकतो. म्हणजे अपराधी माणसाचं पासबुक तुम्ही नकळत भरत असता. ही एवढी मोठी गोष्ट समोर ठेवली असताना प्रेताच्या बुटाचा नंबर जुळतो का ते बघत बसायचं?

या जोडण्याच्या हौसेने पिरॅमिड हेडचे तर फारच हाल केले. डोक्यावर लोखंडी त्रिकोणी खोका आणि हातात फरफटत आणायचा अगडबंब सुरा, असा हा जल्लाद. तो जेम्सचा खाजगी. आपल्याला कुणीतरी शिक्षा करावी असं जेम्सला वाटत होतं म्हणून तो होता; जेम्सने गुन्हा मनाशी कबूल केल्यावर तो स्वतःच संपतो. इतकं चोख काम आटोपून निवृत्त झालेला माणूस. पण लोकांना तो आवडला. मग 2006 च्या सिनेमात त्याला डेप्युटेशनवर पाठवला, 2008 च्या 'होमकमिंग'मध्ये बदलीवर. ज्यांचा जेम्सशी काडीचा संबंध नाही त्यांच्या दारात हा सुरा फरफटत उभा. आणि तिथे तो का उभा आहे, याचे सिद्धान्त मांडायला जोडणारे पुन्हा तयार. आधी मागणी करायची, आणि पुरवठा झाला की त्यात गूढ शोधायचं.

'कुणाचं काय जातं'चं दुसरं उत्तर 2021 सालचं आहे. त्याआधी 2014 मध्ये हिदेओ कोजिमा या नामांकित जपानी दिग्दर्शकाने 'पी.टी.' नावाचा एक छोटा नमुना फुकट वाटला होता. घराचा एकच बोळ, वळून वळून पुन्हा तोच. ती नव्या सायलेंट हिलची झलक होती. 2015 मध्ये तो खेळच रद्द झाला आणि नमुनाही दुकानातून काढून घेतला. भक्तांच्या जिवाला हे फार लागलं, आणि ते लागणं मी समजू शकतो. मग 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीने 'अबँडन्ड' नावाच्या भयखेळाची जाहिरात केली. जोडणाऱ्यांनी ठरवलं, की ही कंपनी म्हणजे कोजिमाचा बुरखा आणि तिचा चालक म्हणजे बनाव. पुरावा? त्या चालकाच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं कोजिमाच्या आद्याक्षरांशी जुळतात! शेवटी त्या गृहस्थाला व्हिडिओ काढून सांगावं लागलं, की मी खरा आहे आणि मी मीच आहे. आमच्याकडे पेन्शनर लोक दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, पण निदान ते आपल्या पेन्शनसाठी देतात. या माणसाने दुसऱ्याच्या कोड्यासाठी दिला. तरीही काहींचं समाधान झालं नाही, कारण 'मी मीच आहे' असं बनाव करणारा माणूसही म्हणेलच की.

भाच्याला मी एवढंच विचारलं, की तू आद्याक्षरांवरून निघालास तर आमच्या शाखेत तुला किती कोजिमा सापडतील? तो म्हणाला, "मामा, तुझी केस वेगळी आहे." ती कशी वेगळी, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

आणि ज्यांना सगळे धागे एका हातात गेलेले बघायचेच आहेत, त्यांची सोय बनवणाऱ्यांनी 2001 सालीच करून ठेवलेली आहे. दुसऱ्या भागाला एक गुप्त शेवट आहे. एका खास किल्लीने हॉटेलातली एक खोली उघडायची. आत यंत्रं, पडदे, बटणं, आणि त्यांच्यापुढे डोक्याला हेडफोन लावून एक शिबा जातीचा कुत्रा बसलेला. धुकं, राक्षस, भोंगा, जेम्सचं अख्खं दुःख, सगळं तोच चालवत होता. जेम्स गुडघ्यांवर कोसळतो आणि कुत्रा त्याचं तोंड चाटतो. पुढच्या वाढीव आवृत्तीत तर आणखी एक शेवट दिला. त्यात उडत्या तबकड्या येतात आणि पहिल्या भागातला हॅरी येऊन जेम्सला विचारतो, आमची मुलगी कुठे दिसली का? पहिल्या आणि दुसऱ्या भागाचे नायक समोरासमोर येतात ते इथे, आणि बनवणाऱ्यांनी ही भेट कुठल्या पातळीवर ठेवली आहे ते जोडणाऱ्यांनी नीट बघून घ्यावं. या भेटीनंतर जेम्सला तबकडीत घालून नेतात.

कुत्र्याचं नाव मिरा. मूळ गाव कुठलं, ते खेळात दिलेलं नाही.